रामेश्वर डॉक्टरांची कार्यमुक्ती

"आमच्या डॉक्टरला हलवायचं न्हाई, मॅडम. हा घ्या ठराव."

जाफराबाद तालुक्यातल्या एका गावाचे सरपंच माझ्या टेबलासमोर उभे होते. मागे गावातली दहा-बारा माणसं. जीप भरून जालन्याला आली होती. सगळ्यांच्या नजरा अशा, की जणू मी त्यांच्या घरातलं माणूस पळवून नेतेय.

मी तेव्हा पशुसंवर्धन खात्याच्या जिल्हा कार्यालयात आस्थापना शाखेची अधीक्षक होते. आस्थापना म्हणजे माणसांचा कारभार. नेमणुका, रजा, बदल्या, पेन्शन. लोकांना वाटतं, तिथं बसलेली बाईच बदल्या करते. मी फक्त टिप्पणी लिहायची. सही साहेबांची.

ज्यांना ते 'डॉक्टर' म्हणत होते ते रामेश्वर आमचे पशुधन पर्यवेक्षक. गावचा जनावरांचा दवाखाना त्यांच्याकडे. अडलेली गाय सोडवायला त्यांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. लम्पीच्या साथीत हा माणूस गोठ्यात झोपला, असं सरपंच सांगत होते. ते खरंही होतं. अशा माणसाची बदली झाली म्हणजे कोणीतरी काडी घातली, हे आपल्याकडे गृहीतच असतं.

मी म्हटलं, "ही बदली त्यांनी स्वतः मागितली आहे."

सरपंच हसले. "असं लिहून घेतेत, मॅडम. आम्हाला काय म्हाईत न्हाई का?"

ठराव आवक टेबलावर नोंदवून ते तडक तालुक्यातल्या एका पुढाऱ्याच्या बंगल्यावर गेले. त्यांच्या मनात काळंबेरं काहीच नव्हतं. रामेश्वरवर अन्याय झालाय आणि आपण तो दूर करतोय, अशी त्यांची खात्री होती.

खरी गोष्ट अशी होती. रामेश्वरच्या मुलाला, ओमला, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. मेंदूला इजा झाल्यामुळे हातपाय ताब्यात नाहीत. बसवलं तर कलतो, बोलणं फक्त आईला कळतं. त्याची शाळा आणि व्यायाम जालन्यात, म्हणून बायको सुनीता त्याला घेऊन जालन्यात भाड्याने राहायची. रामेश्वर रविवारी एसटीने यायचे. बाकीचे दिवस अंघोळीला, संडासला, खुर्चीत बसवायला ओमला ती एकटीच उचलायची.

दिव्यांग मुलांच्या आईवडिलांना बदलीत प्राधान्य मिळतं. मूल जिथं उपचार घेतं तिथं राहता यावं, एवढाच त्यामागचा हेतू. रामेश्वरने हा हक्क कित्येक वर्षं मागितलाच नव्हता. पोराचं नाव सांगून सोयीची जागा घेतली असं लोक म्हणतील, याची त्यांना लाज वाटायची. गावातही मुलाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. शेवटी आले तेव्हा मी विचारलं, आत्ताच का?

"तो वाढून राह्यला, मॅडम," ते म्हणाले. "ती तेवढीच हाये."

यापेक्षा चांगली टिप्पणी मला लिहिता आली नसती. प्रमाणपत्र बरोबर होतं, जालन्यात जागा रिकामी होणार होती, आदेश निघाला.

पण आदेश निघाला म्हणजे माणूस सुटला असं नसतं. जुन्या जागेवरून 'कार्यमुक्त' करावं लागतं. तो कागद मिळाला की मगच नव्या जागी हजर होता येतं. आणि आमच्याकडची रीत अशी, की बदलून येणारा माणूस हजर झाल्याशिवाय आधीच्याला सोडायचं नाही. त्या येणाऱ्याला आम्ही रिलीव्हर म्हणतो. रामेश्वरचा रिलीव्हर जालन्यातला. त्याला जाफराबादकडे जायचं नव्हतं. त्याची कंबर दुखायला लागली आणि तो वैद्यकीय रजेवर गेला.

त्यात पुढाऱ्याचा फोन. साहेबांनी मला बोलावलं. साहेब वाईट नव्हते. फक्त त्यांना कुठलाच फोन नको असायचा.

"गावाचा विरोध आहे, लसीकरण तोंडावर आहे. तूर्त कार्यमुक्त करू नका."

"सर, शेजारच्या केंद्रातल्या माणसाकडे अतिरिक्त कार्यभार देता येईल. दोन ओळींचा आदेश आहे."

"घरी आई आहे ना मुलाजवळ?"

"आहे."

"मग?"

त्यांनी फाइल ओढली आणि माझ्या टिप्पणीखाली लिहिलं, 'पाल्याची काळजी घेण्यास आई उपलब्ध आहे. रिलीव्हर हजर झाल्यानंतर कार्यमुक्त करावे.' मला भयंकर राग आला. पण साहेबांच्या शेऱ्यापुढे अधीक्षकाचा राग म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मी रामेश्वरला फोन करून सांगितलं, लाज सोडा आणि गावाला खरं सांगा. त्यांनी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी सरपंच एकटेच आले. टोपी हातात. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"आम्हाला काहीच म्हाईत नव्हतं, मॅडम. माणूस रोज चहा पितो आमच्यात, कधी बोलला न्हाई. सोडा त्यायला. जल्दी सोडा."

मी त्यांना साहेबांकडे नेलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, विरोधाचा ठराव रेकॉर्डवर आहे, तो रद्द करायला दुसरा ठराव लागेल. शिवाय रिलीव्हरचं काय? सरपंच म्हणाले, ग्रामसभा लावतो. लावली. सोयाबीनची काढणी चालू होती, माणसं जमली नाहीत, सभा तहकूब झाली. पुन्हा तारीख पडली. पुढाऱ्याचं तर कामच संपलं होतं. फोन केल्याचंही त्याला आठवत नसावं.

त्या आठवड्यात सुनीता ओमला न्हाणीतून उचलून आणत होती. फरशी ओली होती. पाय घसरला. पडताना पोराचं डोकं आपटू नये म्हणून तिने त्याला छातीशी धरलं आणि ती पाठीवर पडली. खाली उंबरा होता.

ओमला खरचटलंसुद्धा नाही. आई खेळतेय असं वाटून तो आधी हसला. ती उठेना तेव्हा रडायला लागला. खाली घरमालक शेठजींचं किराणा दुकान आहे, राजस्थानकडचे, तीन पिढ्या जालन्यातले. रडणं थांबेना म्हणून शेठजींची बायको वर गेली. कडी आतून होती. दार तोडावं लागलं.

मणक्याला मार. कमरेखालची संवेदना गेली. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आशा ठेवा म्हटलं, पण कशाची ते सांगितलं नाही.

मी फाइल घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी फाइल उघडून आपला शेरा वाचला. मग म्हणाले, "आजच कार्यमुक्त करा."

"रिलीव्हर आला नाही, सर."

"अतिरिक्त कार्यभार द्या शेजारच्या केंद्राला."

दोन ओळींचा आदेश. चहा गार व्हायच्या आत सही झाली. ठराव लागला नाही, ग्रामसभा लागली नाही. वरातीमागून घोडं. लसीकरणही वेळेत झालं, एकही जनावर राहिलं नाही.

नंतर मी रामेश्वरच्या घरी गेले. दोन खाटा शेजारी शेजारी. वर तुळईला लोखंडी चेनपुली आणि खाली जाड पट्ट्यांची झोळी. बसलेली गाय उभी करायला वापरतात, तीच. सरपंच स्वतः जीपमध्ये घालून घेऊन आले होते आणि गावच्या लोहाराने बसवून दिली होती. रामेश्वर साखळी ओढायचे, सुनीता वर उचलली जायची. मग ओमची पाळी. ओमला झोळी आवडायची.

मी काही विचारलं नव्हतं. तेच म्हणाले, "आधीच बसवली असती तं हे झालंच नसतं. पण ढोरासारखं पोराला टांगायचं, जिवावर यायचं, मॅडम. आता काय."

सुनीता भिंतीकडे बघत होती. मला चहा घ्या म्हणाली.

पुढच्या वर्षी बदल्यांच्या वेळी रामेश्वरने बदलीतून सूट मिळण्यासाठी पुन्हा अर्ज दिला. तो दरवर्षी द्यावाच लागतो. जुनी फाइल वर आली. 'पाल्याची काळजी घेण्यास आई उपलब्ध आहे' हा शेरा तसाच होता. शासकीय फाइलमधला शेरा खोडता येत नाही, म्हणून मी त्याखाली लिहिलं, 'आई उपलब्ध नाही.' नव्या साहेबांनी पुरावा मागितला.

मी सुनीताचं दिव्यांग प्रमाणपत्र जोडलं. नोकरी करणाऱ्या आईबापांना एवढंच सांगते, बदलीचा आदेश मिळाला म्हणून पेढे वाटू नका. कार्यमुक्तीचा कागद हातात येईपर्यंत मूल तिथंच असतं आणि त्याला उचलणारं माणूसही एकच असतं.