शेवटची इयत्ता

राजाभाऊ खांबेट्यांचा मुलगा पंधराव्या वर्षी दुसरीत होता. पुण्याच्या नातेवाइकांना फोनवर हे सांगताना राजाभाऊंना भारी मजा यायची. फ्रेंच शाळेत इयत्ता चढत नाहीत, उतरतात. सहावी, पाचवी करत मूल वरच्या शाळेत, म्हणजे लिसेमध्ये पोचतं. तिथे आधी दुसरी, मग पहिली आणि त्यानंतर ‘शेवटची’. तिचं नावच तसं. ही उरफाटी शाळा निवडली होती मृणालिनीने, राजाभाऊंच्या बायकोने. ती पुण्यात फ्रेंच शिकवायची. शारजाला आल्यावर तिने तन्मयला हट्टाने तिथे घातलं, आणि तो तिथल्या तिसरीत, म्हणजे चौदा वर्षांचा असताना ती आजारपणात गेली. राजाभाऊंच्या पदरात उरली शारजाच्या अल मजाज भागातली दोन खोल्यांची जागा, मुलगा आणि जिच्यातलं अवाक्षर कळत नाही अशी शाळा.

राजाभाऊ इंजिनियर माणूस. पालकांच्या सभेला मागच्या बाकावर बसून त्यांनी हळूहळू सगळं समजून घेतलं. दुसरी सगळ्यांना सारखी, पहिलीत शाखा निवडायची. तन्मयने सायन्स घेतलं. पहिलीच्या शेवटी फ्रेंच भाषेची परीक्षा उरकायची, शेवटच्या वर्षी बाकीचे विषय, शिवाय सायन्सवाल्यांनाही तत्त्वज्ञान. सगळं मिळून झालं ‘बाक’, म्हणजे त्यांची बारावीची परीक्षा. गुण विसापैकी, दहाला पास. आणि प्रत्येक विषयाचं वजन वेगळं: गणिताचा गुण सातपट मोजायचा, फिजिक्सचा सहापट, इतिहास-तत्त्वज्ञानाचा तिप्पट.

हे सगळं समजलं, पण सांगायचं कुणाला? तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत सगळ्यांची मुलं नव्वदच्या पुढे. तन्मयचे तेरा म्हणजे पाचाने गुणून पासष्ट, अशी दिरहमचे रुपये करावेत तशी पटकन आकडेमोड व्हायची आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर कीव यायची. तेरा म्हणजे तिथे चांगले गुण, हे दोन-तीनदा समजावून राजाभाऊंनी नाद सोडला. पुढे पुढे ते मंडळात जाईनासेच झाले.

घरातही बोलणं बेताचंच. तन्मय उत्तरं इंग्रजीत द्यायचा, तीही एका शब्दाची. तरी संध्याकाळी दारात त्याची किल्ली फिरली की राजाभाऊंना बरं वाटायचं. दिवसभरात त्यांना ऐकावासा वाटणारा तेवढा एकच आवाज होता.

शेवटच्या वर्षी तन्मयला फ्रान्समधल्या ल्योंच्या एका कॉलेजात जागा मिळाली. अट एकच, बाक पास. नापास झाला तर तीच इयत्ता पुन्हा, म्हणजे आणखी एक वर्ष शारजात. हे कळलं तेव्हा राजाभाऊंच्या मनात आलं, होऊ दे की नापास. स्वतःच्या पोराबद्दल असलं मनात यावं याची त्यांना शरम वाटली. पण आलेला विचार काही गेला नाही.

दोन हजार दोनच्या जुलैत निकाल लागला. तो बघायला दोघं परीक्षेच्या केंद्रावर, अबू धाबीला गेले. राजाभाऊ गाडीत एसी लावून बसले. तन्मय हातात गुणपत्रक घेऊन आला. सरासरी दहाच्या जरा खाली होती. पास नाही, पण नापासही नाही. आठ ते दहाच्या मधे अडकलेल्याला फ्रेंच लोक आणखी एक संधी देतात: दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा, दोन विषय आपण निवडायचे, जुन्या-नव्यातले जास्त गुण धरायचे. विषय मात्र लगेच आत जाऊन सांगायचे होते.

“फिलॉसफी अँड हिस्ट्री,” तन्मय म्हणाला. “बोलायचंच आहे ना. मॅथ्स इज नॉट हॅपनिंग.”

राजाभाऊंनी गुणपत्रक हातात घेतलं. वजन धरून तेवीस गुण कमी पडत होते. हलक्या विषयांत पोराने कितीही तोंड चालवलं तरी तेवढे निघणं अवघड होतं. गणितात नुसते तीन वाढले तरी एकवीस पदरात, राहिलेले फिजिक्समधून सहज. हिशोब चटकन झाला. पण तो बोलून दाखवायची गरज नव्हती. ‘ठीक आहे’ म्हटलं की पोरगा वर्षभर घरात. कुणी दोषही दिला नसता.

ते स्टिअरिंग धरून बसून राहिले. तन्मय त्यांच्याकडे बघत होता.

“गणित घे,” शेवटी ते म्हणाले. “गणित आणि फिजिक्स. आज बसू आपण दोघं.”

तन्मय आत जाऊन सांगून आला. त्या संध्याकाळी, मृणालिनी गेल्यानंतर पहिल्यांदाच, दोघं एका टेबलाशी बसले. राजाभाऊंना प्रश्न वाचता येईनात, तन्मय मराठीत सांगायचा. तन्मयला गणित सुटेना, राजाभाऊ सोडवून दाखवायचे. दुसऱ्या दिवशी तन्मय पास झाला, अगदी काठावर. बाहेर येऊन त्याने बापाला मिठी मारली. मारतानाही अवघडलाच.

परतीच्या रस्त्यावर राजाभाऊ मोठेपणाने म्हणाले, विषयांचं वजन बघायला हवं होतंस, बरं झालं मी होतो.

“मला वजन माहीत होतं, बाबा,” तन्मय खिडकीबाहेर बघत म्हणाला. “मला वाटलं, तुम्ही एकटे कसे राहणार.”

राजाभाऊंना रस्ता धूसर दिसायला लागला. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला आणि पुन्हा लावला. मग आपण एकटे मजेत राहू असं ते बरंच काही बोलत राहिले, स्वयंपाकाचं, मंडळाचं, शुक्रवारी फिरायला जायचं. तन्मय मान हलवत होता. दोघांपैकी कुणाचाही त्यातल्या एकाही शब्दावर विश्वास नव्हता.

सप्टेंबरात तन्मय ल्योंला गेला. राजाभाऊ त्या वर्षी गणपतीला मंडळात गेले. कुणीतरी विचारलं, मुलगा आता कितवीत? शेवटची झाली, असं ते म्हणाले, आणि आरतीचा प्रसाद घेऊन लवकर घरी आले. दार त्यांना स्वतःच्याच किल्लीने उघडावं लागलं.