सावडीचा बैल आणि माझी देवणी

आमचा बैल उन्हाळ्यात गेला तेव्हा मी रडले, आणि दुसऱ्याच आठवड्यात मोबाइलवर गाई बघायला लागले. हे लिहिताना लाज वाटते, पण खोटं कशाला सांगू. नवरा आखाडा बाळापूरच्या रस्त्याला जीप चालवतो; तीन एकर रान आणि गोठा माझ्याच गळ्यात. त्यामुळे गोठ्यात काय बांधायचं ते मी ठरवणार, यावर घरात वाद नव्हता.

वाद होता तो माझा माझ्याशीच. आमच्याकडे कायम एकच बैल असायचा. दुसरा शेजारच्या मामांचा. ते सख्खे मामा नव्हेत, सासऱ्यांच्या वयाचे म्हणून मामा. त्यांचं रान आमच्याहून लहान, बांधाला बांध लागून. दोन बैल पोसणं दोघांनाही जड, म्हणून आमची सावड होती: एक बैल आमचा, एक त्यांचा, आणि औत दोघांच्या रानात आळीपाळीनं. दोन्ही बैल लाल कंधारी, गडद रंगाचे, थोडक्या चाऱ्यावर भागवणारे. नऊ वर्षं हे विनातक्रार चाललं. म्हणजे तक्रारी मी करायचे आणि मामा ऐकून घ्यायचे.

गोष्ट सरळ होती. मी पुन्हा लाल कंधारी बैल आणला तर मामांचा बैल दावणीला राहणार. नाही आणला तर त्याला जोडीदार नाही, आणि आमच्याकडचं औत एकट्या बैलाचं नव्हे. गावात बाकी सगळ्यांची कामं ट्रॅक्टरवर गेलेली. मामांना दुसरी सावड कुठून मिळणार?

पण माझं मन देवणी गाईवर बसलं होतं. पांढरं अंग, त्यावर काळे डाग, लांब लोंबते कान. आणि दूध. बावीस वर्षं या घरात मी पिशवीच्या दुधाचा चहा प्यायले होते. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तुला आवडंल ते घे," आणि जीप घेऊन निघून गेला. असल्या मोठेपणाची मला चीड येते. निर्णयही आपला आणि उद्या दोषही आपलाच.

शेवटी मीच मामांकडे गेले. ते बैलाच्या मानेवरचे गोचीड काढत बसले होते.

"मामा, आमी देवणी गाय घ्यावं म्हणून राहिलो," मी म्हटलं.

त्यांचा हात थांबला नाही. "घ्या की माय. देवणी लई गरीब जनावर. लेकरानं धरलं तरी लात मारायची न्हाई."

"आन् तुमचा बैल?"

"त्याचं बघू आमी. तू काहून तकलीफ करून घेतीस?"

त्यांनी एका शब्दानं मागितलं असतं तर मी भांडले असते, आणि भांडून बहुतेक बैलच आणला असता. न मागणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? मी तणतणत घरी आले आणि दोन भाकरी करपवल्या.

बाजाराच्या दिवशी मामा आपणहून जीपमध्ये येऊन बसले. मला जनावरातलं काही कळत नाही, हे त्यांना माहीत होतं. मला बघताक्षणी आवडलेली गाय त्यांनी दात बघून बाजूला केली. दुसरीला चालवून बघितलं आणि मान हलवली. तिसरीच्या कासेवरून हात फिरवला, चारही सडांची धार स्वतः काढून बघितली, पाठीवरच्या केसांचे भोवरे अशुभ नाहीत ना ते तपासलं. दुसऱ्या वेताची गाय, सोबत कालवड. "ही घे," एवढंच म्हणाले.

नवरा गाईच्या मालकाशी बोलत राहिला आणि आम्ही दोघं पाणी प्यायला निघालो. वाट लाल बैलांच्या रांगेतून होती. मामा एका बैलाशेजारी थांबले. त्याचं वशिंड त्यांच्या सदऱ्याच्या तिसऱ्या गुंडीला आलं. त्यांनी गुंडीवर बोट ठेवलं. आपल्या बैलाला जोड शोधताना ते असंच मापायचे, हे मला ठाऊक होतं; त्यांच्या बैलाचं वशिंडही त्याच गुंडीला यायचं. मग माझ्याकडे न बघता ते पुढे गेले.

तिथंच मी म्हणायला हवं होतं, मामा, बैलच घेऊ. अगदी ओठांवर आलं होतं. पण ती गाय मला हवी होती. आम्ही ती घेऊन घरी आलो.

आषाढात मामांनी बैल विकला. मला सांगितलं नाही; एका सकाळी त्यांची दावण रिकामी दिसली. आमचं रान ट्रॅक्टरनं झालं, त्यांचंही झालं. गाय मात्र ते म्हणाले होते तशीच निघाली. मी रोज तांब्याभर दूध त्यांच्या घरी द्यायचे. मामी तांब्या कधी रिकामा परत करायच्या नाहीत, चार वांगी नाहीतर मूठभर शेंगा घालायच्या. त्यानं मला आणखीच कानकोंडं व्हायचं.

मग पोळा आला. सावडीतल्या दोन्ही बैलांची पूजा आम्ही एकाच दारात करायचो, एका वर्षी आमच्या, एका वर्षी त्यांच्या. यंदा कसला पोळा, म्हणून मी सकाळपासून बाहेरच पडले नव्हते. सवयीनं पुरण शिजवलं होतं, पण कुणासाठी ते ठरवलं नव्हतं. ऊन कलायला आलं तेव्हा मामा दारात उभे. धुतलेलं धोतर, डोक्याला नवा पटका.

"यंदा पाळी आमची हाय," ते म्हणाले. "जनावर घेऊन चल. मामी ताट करून बसलीय."

"मामा, गाय हाय ती. बैल न्हाई." माझा आवाज उगाच चिडका निघाला.

"मला काय सांगतीस माय? मीच तर निवडली."

मी गोठ्यात गेले, गाईचं दावं सोडलं, आणि तिच्या मानेआड तोंड लपवून मामांच्या मागं चालू लागले.