दोनशे बारा घरांना उशिराच्या शुभेच्छा

दोनशे बारा दिवंगत माणसांना एकाच सकाळी शुभेच्छा पाठवणारी बनारसमधली मी पहिली सून असावी.

मी मेधा. मुलींच्या शाळेत कम्प्युटर शिकवते आणि दुर्गाघाटावर राहते. माझे सासरे, नाना, पंचगंगा घाटावर श्राद्धकर्म चालवतात. महाराष्ट्रातून येणारी घरं पिढ्यानपिढ्या त्यांच्याकडेच उतरतात. नवरा विवेक रेल्वेच्या रिझर्वेशनच्या खिडकीत बसतो आणि दिवसभर हिंदी बोलून घरी अर्धं मराठी घेऊन येतो.

मला कम्प्युटर मनापासून आवडतो, म्हणूनच मला त्याचा सगळ्यात जास्त राग येतो. ज्यांना आवडत नाही ते लोक 'आम्हाला त्यातलं काही कळत नाही' म्हणून सुखाने झोपतात. मला कळतं. सकाळी बटण जिथे होतं तिथे संध्याकाळी नसतं, ते का, हे मला कळतं. कुठल्याशा थंडगार ऑफिसात कोणाला तरी पगारवाढ हवी असते म्हणून. चांगलं चाललेलं काही बदलल्याशिवाय तिथे कोणी काम केलं असं मानतच नाहीत. आणि ते विचारणं तर बघा. 'नवी सुविधा सुरू करायची?' खाली दोन बटणं. 'हो' आणि 'नंतर'. 'नाही' हा शब्द या धंद्यातून हद्दपार झालाय. आमच्या घाटावरचा नाववाला घ्या. (आणि हे लोक चिकटपणात कमी नाहीत.) त्याला तीनदा 'नहीं भैया' म्हटलं की तो दुसऱ्याकडे वळतो. हे ॲप तीनशे वेळा विचारतं, आणि एक दिवस अंगठा घसरतो.

तर, नानांकडे यजमानांच्या वह्या होत्या. कोणाच्या घरचं कोण, कधी गेलं, तिथी कोणती. तिथी आठ दिवसांवर आली की नाना त्या घरी फोन करायचे. पंचाहत्तरी उलटल्यावर त्यांची नजर अधू झाली आणि एका घराची तिथी चुकली. नाना दोन दिवस नीट जेवले नाहीत. तेव्हा मी मोठ्या रुबाबात म्हटलं, "नाना, हे सगळं मी मोबाईलवर घालून देते. तो स्वतःच आठवण करून देईल."

"तुला?" नानांनी विचारलं.

"तुम्हाला."

"मग ठीक."

छोट्या दुकानदारांसाठी असलेलं एक फुकटचं ॲप निवडलं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीभर बसून वह्या त्यात उतरवल्या. ॲपमध्ये 'तिथी' असा रकाना कुठून असणार? 'दरवर्षी येणारा दिवस' असा होता. त्यात तिथीप्रमाणे येणारी तारीख भरली, ती दर पाडव्याला नव्या पंचांगावरून बदलायची. वर्षभर झकास चाललं. तिथीच्या आठ दिवस आधी सकाळी फोन वाजायचा, नाना चष्मा लावून वाचायचे, फोन करायचे. घाटावरच्या इतर गुरुजींना ते सांगायचे, "आमच्या मेधाने कम्प्युटर बसवला."

मग कार्तिकातल्या एका सकाळी मी शाळेची साडी नेसत असताना नानांचा फोन वाजला. नाना कर्माला घाटावर गेले होते. फोन ते घरीच ठेवतात. मी उचलला.

"गुरुजी आहेत?" बेळगावचे वकीलसाहेब होते. तीन पिढ्यांचं घर. आवाज इतका शांत होता की मला घाम फुटला.

"नाना घाटावर गेलेत. मी सून बोलतेय."

"मग तुम्हीच सांगा. आज माझ्या वडिलांची तिथी. गुरुजींच्या नंबरवरून मला फुगे आले आहेत."

"फुगे?"

"फुगे. आणि केक. वर लिहिलंय, 'हार्दिक अभिनंदन! आज कै. दत्तात्रयपंत यांचा खास दिवस! मग, पार्टी कधी?' मी हे माझ्या आईपासून लपवून ठेवलंय."

मी काही बोलायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

मी ॲप उघडलं. रातोरात अपडेट झालेलं. 'नवीन! आपल्या ग्राहकांशी नातं जपा. त्यांच्या खास दिवशी आपल्या नावाने शुभेच्छा आपोआप जातील.' आणि ही सुविधा आमच्यासाठी कृपाळूपणे आधीच सुरू करून ठेवली होती. त्या दिवशी तिथी असलेल्या तीन घरांना फुगे गेले होते. वर नानांचा फोटो. तोही मीच चढवलेला, गंध लावलेला, हसतमुख.

मला इतका राग आला की साडीच्या निऱ्या हातातून सुटल्या. मी बंद करायची जागा शोधू लागले. सेटिंगमध्ये रंग बदलता येत होता, फुग्यांचा आकार बदलता येत होता, केकवर चेरी हवी की नको हे ठरवता येत होता. बंद करता येत नव्हतं. फोन नंबर नाही, पत्ता नाही. कोपऱ्यात एक हसरा चेहरा होता, 'मी तुमची मदतनीस. विचारा.'

मी लिहिलं, "हे बंद करा."

"तुमचा प्रश्न मला आवडला. तुम्हाला शुभेच्छांमध्ये आणखी रंग हवे आहेत का?"

"श्राद्धाच्या दिवशी अभिनंदन पाठवता? लाज वाटते का?"

"श्राद्ध हा सण कसा साजरा करावा याच्या पाच कल्पना देऊ का?"

विवेक दात घासत मागे येऊन उभा राहिला होता. "अरे यार, उससे क्यों लड़ रही हो? मशीन आहे ती."

"मशीनशी नाही भांडत. मशीनच्या मागे जो बसलाय त्याच्याशी भांडतेय."

"पीछे कोई नहीं बैठा है."

"तेच तर."

मी दातओठ खात लिहिलं, "हा प्रकार ताबडतोब थांबवा आणि सगळ्यांची माफी मागा."

"नक्कीच. सगळ्यांना माफीचा संदेश पाठवू?" खाली 'हो' आणि 'नंतर'.

आता इथे एक सांगायला हवं. शाळेत मी गेली अठरा वर्षं मुलींकडून एकच गोष्ट घोकून घेते. बटण दाबण्याआधी पडद्यावरचं सगळं वाचायचं. 'सगळ्यांना' या शब्दावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते तर वाचायचंच.

मी 'हो' दाबलं.

सगळे म्हणजे ती तीन घरं नव्हेत. सगळे म्हणजे सगळे. वह्यांतली दोनशे बारा घरं. ज्यांच्या घरी त्या दिवशी काही नव्हतं, ज्यांची तिथी वैशाखात, ज्यांची पौषात, त्या सगळ्यांना नानांच्या हसऱ्या फोटोखाली संदेश गेला. 'क्षमस्व! तुमच्या घरचा खास दिवस साजरा करायला आम्हाला उशीर झाला. कै. अमुक यांना उशिराने हार्दिक शुभेच्छा!' अमुकच्या जागी प्रत्येकाचं नाव अगदी बिनचूक.

विवेकच्या तोंडातला फेस तसाच राहिला. मग चूळ भरून तो म्हणाला, "आज पुण्याचे आपटे आलेत ना? नाना उन्हींका करा रहे हैं. आज तिथी असेल त्यांची."

म्हणजे तीन घरांतलं एक घर या क्षणी नानांच्या समोर बसलं होतं.

निऱ्या कशाबशा खोचून मी तशीच निघाले. गल्लीत दूधवाल्याने मोटारसायकल आडवी लावलेली. तिच्या एका बाजूला कॅन, दुसऱ्या बाजूला भिंत, आणि मधून मी. पुढे पायऱ्या. पंचगंगेच्या पायऱ्या उतरताना माणसाला सगळे देव आठवतात. मला फक्त त्या हसऱ्या चेहऱ्याचा निर्माता आठवत होता.

खाली पोहोचले तर नाना मंत्र सांगत होते. समोर आपट्यांचा समीर, तिशीतला, ओल्या धोतरात, बोटात दर्भाचं पवित्रक, दक्षिणेकडे तोंड करून. मागच्या पायरीवर त्याची आई बसली होती आणि तिच्या हातात मुलाचा फोन होता. मला उशीर झाला होता.

"या, मेधाताई," आपटेकाकू हळू आवाजात म्हणाल्या. "हे काय आलंय बघा. आधी ह्यांना शुभेच्छा, मग दहा मिनिटांनी उशीर झाला म्हणून माफी. एवढी घाई आणि एवढा उशीर एकाच सकाळी?"

मी त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. आवाज खाली ठेवायचा प्रयत्न केला, पण राग आला की माझा आवाज वर्गात गेल्यासारखा होतो. पलीकडचा न्हावीसुद्धा वस्तरा थांबवून ऐकू लागला.

समीर मान न वळवता म्हणाला, "आधीपासून सुरूच ठेवलं असणार. आमच्याकडेही तसंच करतात."

"तुमच्याकडे म्हणजे?"

"मी अशाच एका कंपनीत आहे. ही नाही, दुसरी. नवीन सुविधा काढायचं काम माझ्या टीमकडे असतं."

वाचकहो, गेली कित्येक वर्षं मी अशा माणसाच्या शोधात होते. चॅट केली, तक्रारी लिहिल्या, एक तारा दिला, पण पलीकडे कधी माणूस भेटला नाही. आणि आज तो माझ्यासमोर मांडी घालून बसला होता, हातात पिंड होता, आणि कर्म संपेपर्यंत त्याला उठता येणार नव्हतं.

"तुम्ही 'नाही' असं बटण का देत नाही?" मी सुरुवात केली.

"दिलं तर लोक ते दाबतात."

"त्यासाठीच द्यायचं असतं. पासवर्ड दर महिन्याला बदला म्हणता, लोक तो कॅलेंडरवर लिहून ठेवतात, ही सुरक्षितता? मी विकत घेतलेल्या फोनमध्ये काय राहावं हे तुम्ही ठरवणार? खातं उघडायला एक टिचकी, बंद करायला चौदा पानं, हा कुठला न्याय? आणि माणूस कुठे ठेवलात तुम्ही? एक माणूस, ज्याला फोन करून सांगता येईल की बाबा रे, माझा सासरा म्हातारा आहे, त्याची अब्रू जातेय."

शेवटचं वाक्य बोलताना माझा आवाज फुटला. 

नानांनी मंत्र थांबवला. मंत्र सांगताना त्यांनी यातलं काहीच धड ऐकलं नव्हतं. ते इतकंच म्हणाले, "मेधा, ते अपसव्य करून बसलेत. जानवं उजव्या खांद्यावर आहे. पुन्हा डाव्यावर आलं की भांड."

मी गप्प बसले. समीरच्या वडिलांचं कर्म अर्धा तास चाललं. त्या अर्ध्या तासात माझ्या लक्षात आलं की मी एका मुलाला त्याच्या बापाच्या श्राद्धात झापलंय.

कर्म आटोपल्यावर तो ओलेत्यानेच माझ्याजवळ आला, माझ्या हातातला नानांचा फोन घेतला आणि अकराव्या टिचकीला ती सुविधा बंद केली. ती 'आनंद आणि बरंच काही' या नावाखाली दडली होती.

"ताई," तो म्हणाला, "आमच्या मीटिंगमध्ये 'नंतर'चा विषय निघाला होता. मी विरोध करणार होतो. पण उशीर झालेला, सगळ्यांना घरी जायचं होतं. मी मान डोलावली."

आता त्याच्यावर काय रागवायचं? मला राग काढायला एक धड माणूस मिळाला, आणि तोही चांगला निघाला.

घरी आल्यावर नानांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावून तो संदेश वाचला. मग म्हणाले, "फोन करू. एकेकाला."

"नाना, एक मेसेज सगळ्यांना..."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वाक्य गिळलं.

दोन दिवस शाळेतून रजा घेतली. नाना शेजारी बसले, मी नंबर लावत होते. पहिल्या दहा फोनवर मी सुरुवातच अशी केली, "हे कंपनीने केलं, आमचा काही दोष नाही." अकराव्याला नानांनी माझ्या हातावर हात ठेवला. "कंपनी कोण? लोक मला ओळखतात." मग मी नुसतं "चूक झाली" म्हणू लागले. ते म्हणायला जिभेला फार जड गेलं.

लोक बरे असतात. काही रागावले. एका बाई रडल्या आणि मग अर्धा तास नवऱ्याविषयी बोलत राहिल्या. कित्येकांनी "बरं झालं फोन केलात, यंदा तिथी कधी येते?" असं विचारलं. बेळगावच्या वकीलसाहेबांनी मात्र फोन उचलला नाही. नाना अजून दर आठवड्याला लावून बघतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटून चौथा फोन वाईच्या गोडबोल्यांचा. मी आता सराईत झाले होते. "नमस्कार, काशीहून बोलतेय. कै. गोविंदराव गोडबोले यांच्याविषयी आमच्याकडून एक संदेश आला असेल..."

"आला," पलीकडून एक थरथरता म्हातारा आवाज म्हणाला. "मीच गोविंदराव."

मी यादी पाहिली. गोविंदराव त्यांच्या पत्नीच्या श्राद्धाला आले होते. मी नावाच्या जागी त्यांचंच नाव टाकलं होतं. आणि प्रत्येक नावामागे 'कै.' लिहायचा कंटाळा आला म्हणून कम्प्युटरवरच्या यादीत पहिल्या चौकोनात लिहून, कोपरा धरून, दोनशे बाराव्या ओळीपर्यंत खाली ओढलं होतं. यात कंपनी नव्हती, अपडेट नव्हतं, तो हसरा चेहराही नव्हता. सगळं टायपिंग माझं.

"आजोबा, माफ करा. तुमचं नाव आत्ताच्या आत्ता काढते."

"काढू नका हो," गोविंदराव म्हणाले. "सत्त्याऐंशी पूर्ण झाली. कधीतरी लागेलच. फक्त जरा पुढे ढकला."

आणि मी, अठरा वर्षं कम्प्युटर शिकवणारी बाई, त्यांच्या पत्नीची तारीख वेगळ्या ओळीत हलवली आणि समोरचा रिकामा झालेला रकाना पाहून विचारलं, "कोणती तारीख टाकू?"