अंगठेभाऊंचं शेवटचं बटण

अंगठेभाऊ खुर्चीत बसून कधीच ॲप तपासत नसत. कासारवाडीच्या ऑफिसात आम्ही चाकणच्या कामगारांसाठी हजेरीचं ॲप बनवायचो आणि तपासायचं काम भाऊंकडे. ते शिफ्टच्या बसमध्ये उभे राहायचे, एका हातानं दांडी धरायचे नि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं बटणं दाबायचे. मग माझ्या टेबलाशी येऊन म्हणायचे, "बोट चुकलं. म्हंजे बटण बारीक हाय."

मी सुबक स्क्रीन मांडावी आणि या माणसानं तिचा विचका करावा! 'रजा' आणि 'रद्द' ही बटणं खेटून ठेवली म्हणून एकदा त्यांनी सगळ्यांदेखत झापलं. "मधी जागा सोड की राव! रातपाळी करून आलेला माणूस हाय, सुईत दोरा ओवाया न्हाई बसला." मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्यावाचून करमतही नसे.

मग मोठ्या बटणावरही त्यांचं बोट चुकायला लागलं. आम्ही चेष्टा केली. डॉक्टरांनी मज्जातंतूंचा आजार सांगितला. हात जाणार, वाचा जाणार, इलाज नाही.

थेरगावच्या खोलीत ते पडून असत. "ती सारखी माज्या तोंडाकडं बगत बसती," ते वहिनींकडे बघून अडखळत म्हणाले. "मला माजं मागता आलं पायजे." मी त्यांच्यासाठी चार बटणांचं ॲप लिहिलं: दुखतंय, कूस, पाणी आणि वहिनी. बटण दाबलं की भाऊंचाच आवाज यायचा. तो होता तोवर भरून घेतला होता. वहिनींसाठी त्यांनी नुसतं "अगं ए" म्हटलं.

दर भेटीत बटणं मोठी करावी लागत, म्हणून एखादं काढावं लागे. 'दुखतंय' त्यांनीच काढायला लावलं, "त्ये दिसतंयच की." पुढे 'कूस' गेलं. दोन उरली तेव्हा बोलणं थांबलं होतं. कोणतं काढू, विचारलं, तर ते 'पाणी'कडे बघत राहिले. वहिनींनी पेला आणला. त्यांनी तोंड उघडलं नाही, नजरही हलवली नाही. मग मला कळलं. मी 'पाणी' काढून टाकलं.

शेवटच्या भेटीत अख्खी स्क्रीन म्हणजे एकच बटण होतं. कुठेही बोट टेकलं तरी चाललं असतं. वहिनी ओट्याशी होत्या. भाऊ फोनकडे बघत होते आणि अंगठा चादरीवर तसाच पडून होता. मी तो उचलून द्यायला वाकलो, तर त्यांनी डोळे मिटून घेतले.

फोन गप्पच होता. वहिनींनी वळून पाहिलं, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "आले हो."