तोकुजिरोची दोन काडतुसं

तर तोकुजिरोने पट्ट्यातली सगळी काडतुसं हायाताला देऊन टाकली आणि स्वतःकडे दोनच ठेवली, इथवर काल आलो होतो. दोन तरी कशाला ठेवली? दुनळी बंदुकीच्या दोन्ही नळ्या रिकाम्या घेऊन डोंगरात जायची लाज वाटली म्हणून. शिकारीच्या हंगामाचा शेवटचा दिवस होता. सोमवारी खाली पोलीस चौकीत जायचं, बंदूक आणि परवाना टेबलावर ठेवायचा आणि मोकळं व्हायचं, असं त्याने घरी जाहीर केलं होतं. त्याची बायको किनु त्याच्याही पुढे. बंदुकीच्या कपाटाची जागा तिने टेपने मोजून ठेवली होती, तिथे शिलाई मशीन बसतं का बघायला.

हायाता पोस्टात कामाला. वय चाळीस, पण आमच्या टोळीत तोच कोवळा.

"तोकुजी, एवढी काडतुसं मला? तब्येत बरी आहे ना?"

"पट्टा जड होतो रे."

"काडतुसांनी?"

"काडतुसांनी, पट्ट्याने आणि तुझ्या प्रश्नांनी."

तोकुजिरो एकेचाळीस वर्षं हाकाऱ्या होता. कुत्री घेऊन दरीत उतरायचं, झुडपातून रांगत जनावर उठवायचं आणि वर खिंडीत दबा धरून बसलेल्यांच्या तोंडी पाठवायचं, हे त्याचं काम. बार नेहमी दुसऱ्याचा. वर आवाज झाला की तो खाली दरीत एखाद्या दगडावर टेकायचा आणि कुत्र्यांच्या पंजातले काटे काढायचा. वर पोचेपर्यंत शिकार सोलून झालेली असायची. त्याचा वाटा मात्र बांबूच्या रुंद पानांखाली नीट झाकून ठेवलेला. आमच्यात वाटे सगळ्यांना सारखेच, त्यावर कधी कुरबुर नाही. पण 'हरिण कुणी पाडलं' असं गावात विचारलं, तर एकेचाळीस वर्षांत तोकुजिरोचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

मग गुडघे गेले. डावा आधी गेला, उजव्याने वर्षभर वाट पाहिली. कुत्री दुसऱ्याकडे गेली आणि टोळीचा म्होरक्या इवामात्सु याने तोकुजिरोला कोळशाच्या जुन्या भट्टीपाशी बसवायला सुरुवात केली. हे दोघे शाळेत एका बाकावरचे. भट्टीपाशी तीस वर्षांत एक ससासुद्धा फिरकलेला नव्हता. गावात त्या जागेला डुलकीची गादी म्हणत.

"तिथून दरी छान दिसते," इवामात्सु म्हणाला.

"मला जागवून ठेवायला कोण येणार?"

"कुणी नाही. म्हणून तर तुला पाठवतोय."

त्या दिवशी तोकुजिरो दहाच्या सुमारास भट्टीपाशी पोचला. चढ अर्ध्या तासाचा, त्याला दीड तास लागला. बसल्यावर त्याने बूट सैल केले, बंदूक मांडीवर आडवी ठेवली आणि भाताच्या गोळ्याची पुरचुंडी सोडली. आत खारवलेला आलुबुखार होता. किनुने बी काढलेलं नव्हतं. ते बी तो तोंडात घोळवत राहिला. कुत्री पलीकडच्या डोंगरावर भुंकत होती, म्हणजे खेळ तिकडे चालला होता. त्याला बरं वाटलं. आणखी तीन तास असेच गेले की उतरायचं, आणि पुन्हा कधी चढायचं नाही.

समोरच्या देवदारांमधून हरिण आलं ते चालत. मोठा नर, शिंगांना चार-चार फाटे. पळत आला असता तर तोकुजिरोला उठताच आलं नसतं. नर थांबला आणि मागे वळून कुत्र्यांचा कानोसा घेऊ लागला. तोकुजिरोने बसल्या जागीच बार काढला. नर पुढच्या गुडघ्यांवर आला आणि आडवा झाला. तोकुजिरोच्या तोंडातलं बी तेवढं पोटात गेलं. तो खोकत असतानाच त्याच वाटेने रानडुक्कर बाहेर पडलं, वासराएवढं, आणि थेट भट्टीकडे. दुसरी नळी झाडल्याचं त्याला नंतर आठवेना. डुक्कर त्याच्या बुटांपासून हातभर अंतरावर थंड झालं.

बराच वेळ तो तसाच बसून होता. आनंद होईल म्हणून वाट पाहिली. मनात आलं ते एवढंच, की हे धूड आता खाली कोण ओढणार?

टोळी तासाभरात गोळा झाली. हायाता दोन्ही जनावरांभोवती तीनदा फिरला.

"दोन काडतुसांत दोन. आणि माझ्याकडे बावीस काडतुसं, एकही नाही वाजलं. तोकुजी, परत घेता का?"

सगळे हसले. तोकुजिरो हसला नाही, कारण हसता हसता इवामात्सुने सुरी काढली होती आणि पुढचं त्याला आता दिसलं होतं.

आमच्यात बार ज्याचा, त्याने काळजाचे सात तुकडे बांबूच्या काडीला टोचायचे, ओकच्या झाडाच्या मुळाशी रोवायचे आणि डोंगरदेवीला म्हणायचं, 'दिलंस, मिळालं. पुढच्या हंगामात याच पायांनी परत येईन.' हे बोलल्याशिवाय बाकीच्या मांसाला सुरी लावत नाहीत. सेइकिची नावाचा एकजण हे बोलला आणि शहरात कारखान्यात निघून गेला. पुढचा सबंध हंगाम टोळी रिकाम्या हाताने आली आणि दोन चांगली कुत्री कड्यावरून गेली. त्याचा याचा संबंध आहे असं कुणी म्हणत नाही. नाही असंही कुणी म्हणत नाही.

तोकुजिरोने काडी रोवली आणि हाताचं रक्त पाल्याला पुसायला घेतलं.

"बोल की," इवामात्सु म्हणाला.

"काय बोलू? सोमवारी मी बंदूक देतोय."

"मग नको देऊस."

"तू मला पाठीवर आणणार का वर?"

इवामात्सुचीही कंबर तशी बरी नव्हती.

हायाता हळूच म्हणाला, "तोंडाने हो म्हणा, मनात नाही म्हणा."

"देवीला काय, तुझ्या पोस्टासारखं वरचा पत्ता वाचून भागतं होय?" इवामात्सु म्हणाला.

"मग मी बोलतो. माझा बार होता म्हणू. मला काय, मी येणारच आहे."

ही वाट खरंच सोपी होती. इवामात्सुनेही मान खाली घातली, म्हणजे त्याची हरकत नव्हती. तोकुजिरोने हायाताकडे पाहिलं, मग नराच्या शिंगांकडे. हायाताने हात पुढे केला, की काडीपासून सरका. एकेचाळीस वर्षं असंच सरकत आलो, तोकुजिरोला वाटलं. दर खेपेला जनावर आपण उठवलं आणि नाव दुसऱ्याचं लागलं, आणि त्याचं कधी वाईटही वाटलं नाही. आज वाटत होतं. पाय भरून आले होते, पाठ धरली होती, घरी जाऊन गरम पाण्याच्या टबात पडावं एवढीच इच्छा होती, तरी त्याला तिथून हलवेना.

"माझा बार आहे," तो म्हणाला.

"मग बोल बाबा," इवामात्सु म्हणाला. "उजेड असेतो खाली पोचायचंय. पुढच्या हंगामात येणार की नाही?"

तोकुजिरो ओकच्या झाडाकडे वळला. टोपी काढली, दोनदा टाळी वाजवली, आणि शेजारणीशी कुंपणावरून बोलावं तशा आवाजात म्हणाला, "दिलंस, मिळालं. पुढच्या हंगामात येईन, पण चढणार नाही. खाली रस्त्याच्या कडेला बसून ह्यांच्यासाठी चहा करीन. मला आणखी काही द्यायचंच असलं, तर तिथवर उतरवून पाठव."