शिव्या घालून आलेले पाहुणे

आधी हातातला कप खाली ठेवा. नाही, खरंच ठेवा! हे ऐकताना माझ्या नणंदेच्या नाकातून चहा आला होता, आणि सोफ्याचं कव्हर माझं होतं.

तर मी माझ्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाला, त्याच्या अख्ख्या खानदानासकट, माझ्याच दुकानाच्या दारातून हाकललं. तेही नियमाप्रमाणे! पाटीकडे बोट दाखवून!

बेंगळुरूला बसवनगुडीत माझं नाश्त्याचं छोटंसं दुकान आहे. पुण्याहून आम्ही इथे आलो ते समीरच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, आयटीतल्या नोकरीसाठी. तो दिवसभर लॅपटॉपशी बोलायचा आणि मी भिंतींशी. शेवटी म्हटलं, थालीपीठ येतं, मिसळ येते, साबुदाण्याची खिचडी येते, मग भिंतींना कशाला भरवायचं? काढूया दुकान!

जागा मिळाली शांतक्कांच्या घराच्या तळमजल्यावर. शांतक्का म्हणजे आमच्या घरमालकीण. शाळेच्या रिटायर्ड मुख्याध्यापिका. पाठ ताठ, साडीच्या निऱ्या ताठ, नजर त्याहून ताठ. मूळच्या हुबळीच्या, त्यामुळे मराठी उत्तम बोलतात, पण अशा आवाजात की आपला गृहपाठ राहिलाय असंच वाटावं.

दुकान चालत होतं का? चालत कसलं, रांगत होतं. समोरच्या इडलीवाल्याकडे गर्दी मावायची नाही आणि माझ्याकडे माश्यासुद्धा चव घेऊन तिकडेच जायच्या. करार संपत आला होता. तो वाढवायचा की शटर ओढायचं, यावर घरात रोज खल चालायचा.

त्यातच तो प्रकार झाला. एक गृहस्थ शाळकरी मुलीला घेऊन मिसळ खात बसले होते. तेवढ्यात दोन तरुण आत आले. त्यांच्या टीशर्टवर मुलींबद्दल असं काही छापलेलं, की मी ते इथे सांगूही शकत नाही. त्या गृहस्थांनी अर्धी मिसळ तशीच टाकली, मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेले. आणि मी? मी त्या दोघांना मुकाट्यानं वाढलं! दिवसभर स्वतःचाच राग येत राहिला.

समीर म्हणाला, "अगं, दुकान तुझं आहे. असले कपडे घालून आलेल्याला नाही म्हणायचा तुला हक्क आहे. माणूस बघून नाही म्हणायचं नाही हं. त्याची भाषा, जात, धर्म यांच्याशी तुझं काही देणंघेणं नाही. अंगावर काय लिहिलंय तेवढंच बघ."

आता पुण्याच्या बाईला पाटी लावायला सबळ कारण दिलंत, तर ती थांबेल का? दुसऱ्याच दिवशी दारावर इंग्रजीत पाटी झळकली. 'आक्षेपार्ह मजकुराचे कपडे घालून येणाऱ्यांना सेवा नाकारण्याचा हक्क आम्ही राखून ठेवत आहोत.'

शांतक्कांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. "सरी," म्हणजे ठीक आहे, असं म्हणाल्या. "चांगलं केलंस, मंजिरी. शिस्त पाहिजे." व्याकरणाची चूकसुद्धा काढली नाही! मला पदक मिळाल्यासारखं झालं.

आणि त्याच आठवड्यात त्यांनी मला ऑर्डर दिली. त्यांच्या आईचं सहस्रचंद्रदर्शन होतं. हुबळीहून सगळं माहेर येणार होतं. "रविवारी सकाळचा नाश्ता तुझ्याकडे. माझ्या माणसांना तुझा हात आवडला, तर कराराचं आपण त्याच दिवशी बोलू."

बाप रे! रविवारी आम्ही पहाटेपासून लागलो. शिरा, पोहे, खिचडी, थालीपिठाचं पीठ मळून तयार. समीरनं तर चक्क टेबलांवर फुलं ठेवली. मी नऊ वाजता दारात उभी. डोळ्यांपुढे काय, तर रेशमी साड्या, गजरे, धोतरं, अंगारा लावलेले सोज्वळ चेहरे.

आणि आला कोण? एक दणकट, झुपकेदार मिशांचा माणूस. खाली बर्म्युडा आणि वर पिवळाधमक टीशर्ट. टीशर्टवर छातीभर, इंग्रजी लिपीत, एकच शब्द. जी, ए, एन, डी, यू.

जोडून वाचा तुम्हीच. मी उच्चारणार नाही, घरात मोठी माणसं आहेत.

त्याखाली बारीक अक्षरांत आणखी काही होतं. पण तो एक शब्द वाचल्यावर मराठी माणूस पुढचं कशाला वाचतो हो?

"नमस्कार री!" तो तोंडभर हसून म्हणाला. "नाश्ता रेडी?"

मी हात आडवा केला. "सॉरी. या कपड्यांत आत येता येणार नाही." आणि पाटी दाखवली.

त्यानं पाटी वाचली. खाली स्वतःच्या बर्म्युडाकडे बघितलं. उघडे गुडघे बघितले. बिचारा लाजला! "हौद्री, हौद्री. स्वल्प निल्री," म्हणजे हो हो, जरा थांबा, असं म्हणून पळत गेला.

"बघितलंस?" मी समीरला म्हटलं. "ठामपणे सांगितलं की लोक ऐकतात!"

थोड्या वेळात तो परत आला. शुभ्र, कडक इस्त्रीचं धोतर नेसून. आणि वर तोच टीशर्ट!

"वरचं! वरचं बदला!" मी ओरडले.

त्यानं टीशर्टवर डाग शोधला. सापडला नाही. मग मान वळवून काखेचा वास घेतला. "याक री, का हो मॅडम? धुतलेला आहे!"

तेवढ्यात मागून कॉलेजातल्या दोन मुली आल्या. त्यांच्याही अंगात तेच! पिवळे टीशर्ट, तोच शब्द! माझ्या पायाखालची जमीनच सरकली. मुली, आणि असं? पाटीमुळे चिडून ही टोळी मुद्दाम आली असणार, याबद्दल माझी खात्रीच पटली. बेंगळुरूत कोणी नाही, नेमकी मीच सापडले!

"अगं, मुली असून हे असं लिहून फिरता?" मी म्हटलं.

"का आंटी? मुलींनी का नाही?" त्यातली एक फणकारली. "आम्हाला अभिमान आहे."

"अभिमान? याचा?"

"मग! आमच्या गावाची ओळखच आहे ती."

"गावाची?"

"अख्ख्या गावाची! अप्पा, काका, आत्या, सगळे. आमच्या घरात तर पहिल्यापासून!"

मी समीरकडे बघितलं. समीर छताकडे बघत होता. "अंगावरचंच बघायचं," तो हळूच पुटपुटला, "गावात शिरायचं नाही."

तोवर फुटपाथ पिवळा झाला होता. काका पिवळे, काकू पिवळ्या, इलकल साडीवरून टीशर्ट चढवलेल्या मावश्या पिवळ्या. आत माझा शिरा गार होतोय, बाहेर एवढी माणसं भुकेली उभी, आणि मी दारात दोन्ही हात पसरून, जणू माझ्यामागे बँकेची तिजोरी आहे!

गर्दी बाजूला झाली आणि एक आजीबाई पुढे आल्या. वाकलेल्या, पांढरा अंबाडा, नाकात ठसठशीत नथ. आणि त्या एवढ्याशा छातीवर तो एवढा मोठा शब्द.

कोणत्या मेल्यानं या माउलीला हे घातलं?

"अज्जी," मी त्यांचा हात हातात घेऊन म्हटलं, "तुमच्या अंगावर काय लिहिलंय, माहितीय का तुम्हाला?"

"माहिती आहे की," अज्जी स्वच्छ मराठीत म्हणाल्या. "मीच लिहायला लावलं."

"तुम्ही?"

"मग काय! आमच्या ह्यांना अख्खं गाव तेच म्हणायचं. ते आखाड्यात उतरले की लोक उभे राहून तेच ओरडायचे. मी बायकांत बसून ऐकायची. ऊर भरून यायचा बघ, बाळ."

समीर काउंटरच्या मागे खाली बसला. नंतर म्हणाला, चप्पल शोधत होतो.

मला कळेना, रडावं की पोलिसांना बोलवावं. तोच जिन्यावर ओळखीची पावलं वाजली. आल्या, शांतक्का आल्या! मी जिवाच्या आकांतानं हाक मारली, "शांतक्का, बघा ना हे लोक काय घालून..."

आणि वाक्य तिथेच थिजलं. कडक इस्त्रीची साडी, चष्मा, ताठ पाठ. आणि वर पिवळा टीशर्ट!

"मंजिरी," शांतक्का म्हणाल्या, "माझी आई उन्हात का उभी आहे?"

मी पाटीकडे बोट केलं. मग त्यांच्या छातीकडे बोट केलं. मग माझं बोट मलाच जड झालं. शेवटी त्यांच्या कानाशी जाऊन मी तो शब्द आणि त्याचा आमच्याकडचा अर्थ सांगितला.

शांतक्कांनी पाठ आणखी ताठ केली. मग मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हणाल्या, "खालची ओळ वाच. मोठ्यानं."

मी वाचली. 'मेट्टिद नाडु.'

"आता सगळं एकत्र. गंडु मेट्टिद नाडु. ग वर अनुस्वार, कानडी उच्चार, तुझ्या डोक्यातला नव्हे! गंडु म्हणजे मर्द, शूर. शूरांची पावलं पडलेला मुलूख. आमच्या हुबळीला असं म्हणतात."

मी जमिनीत तोंड खुपसायला जागा शोधत होते. शांतक्कांनी मागे वळून सगळ्यांना कानडीत काहीतरी सांगितलं. आणि मग तो मिशीवाला, त्यांचा सख्खा भाऊ बसवराजअण्णा, असा काही हसला की समोरच्या इडलीवाल्याची रांगसुद्धा वळून बघायला लागली! मुली एकमेकींना धरून फुटपाथवर बसल्या. अज्जींना कोणीतरी कानात दोनदा समजावून सांगितलं, आणि त्या तर पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की नथ काढून ठेवावी लागली.

मग आत घेतलं सगळ्यांना. मी माफी मागत होते आणि वाढत होते, वाढत होते आणि माफी मागत होते. गार शिरा परत गरम केला. थालीपिठं तव्यावरून थेट ताटात. अज्जींनी एक खाल्लं, दुसरं मागितलं आणि मुलीला म्हणाल्या, "शांता, हिला हलवू नकोस हो इथून." शांतक्का म्हणाल्या, "सरी." झाला करार! दुकान वाचलं! ज्यांना दारात अडवलं, त्यांनीच वाचवलं. त्या मुलींनी फुटपाथवरची सगळी हकीगत फोनवर टाकली आणि पुढच्या रविवारपासून माझ्याकडेही लोक उभे राहायला लागले.

पाटी मी काढलेली नाही हं. त्या शाळकरी मुलीला विसरले नाहीये मी. फक्त आता नाही म्हणायच्या आधी विचारते, "अण्णा, याचा अर्थ काय?"

इथे संपलं असतं तर मी काय, हसत हसत घरी गेले असते. पण त्या दिवशी बसवराजअण्णांनी हातातला घास खाली ठेवला आणि माझ्या ॲप्रनकडे टक लावून बघितलं. ॲप्रनवर दुकानाचं नाव होतं. 'हलकं-फुलकं.' छान आहे ना? पचायला हलकं, खायला मजेचं. डिझाईनवाल्यानं इंग्रजीत वर मोठ्ठं 'हलका' आणि खाली बारीक 'फुलका' केलेलं. बाहेरच्या बोर्डावर तेच कानडीत. लोक त्याखाली उभं राहून फोटो काढायचे. मला वाटायचं, नाव जमलंय!

"मॅडम," अण्णा म्हणाले, "हलका म्हणजे आमच्यात काय, माहीत आहे? नीच. एक नंबरचा नालायक माणूस."

माझे हात आपोआप छातीवर गेले.

"मग हक्क आम्हालाही आहे ना?" अण्णा गंभीर चेहऱ्यानं म्हणाले. "असले कपडे घातलेल्या बाईच्या हातचं खाणार नाही म्हणायचा?"

"गप रे, ताट संपव," अज्जी म्हणाल्या.

मी रडकुंडीला येऊन शांतक्कांकडे वळले. "अहो, इतके महिने बोर्ड तुमच्याच घरावर लागलाय! एकदा तरी सांगायचं ना मला!"

शांतक्कांनी शांतपणे चष्मा पुसला.

"मला वाटलं, तुम्ही पुण्याची माणसं स्पष्टवक्ती," त्या म्हणाल्या. "स्वतःबद्दल खरं तेच लिहिलं असेल."