माझ्या नावाची तिची सर्टिफिकेटं

माझ्या बाहेरच्या खोलीत तीन सर्टिफिकेटं फ्रेम करून लावलेली होती. तिन्हींवर माझं नाव आहे. त्यातला एकही कोर्स मी केलेला नाही. हे महाडमध्ये आजवर कुणाला सांगितलं नाही, म्हणून इथे लिहितो.

मी निवृत्त झालो, बायको गेली, तेव्हा मुलानं पुण्याहून त्याचा जुना लॅपटॉप पाठवला. बसून राहू नका, काहीतरी शिका, म्हणाला. संगणकावर हिशेब ठेवण्याचा एक फुकट कोर्स होता. मी माझ्या ईमेलवरून खातं उघडलं, नाव टाकलं आणि दुसऱ्याच धड्यात मला डुलकी लागली. धाकट्या भावाची मुलगी तेव्हा माझ्याकडे राहून कॉलेज करत होती. त्यांची वाडी उमरठच्या अलीकडे. तिथे फोनला रेंज हवी तर टेकाड चढावं लागतं. तिनं माझ्या मांडीवरचा लॅपटॉप उचलला आणि उरलेले धडे तिनं केले.

कोर्समध्ये एक बाई इंग्रजीतून शिकवायची. पुतणी तिला मध्येच थांबवायची, मागे न्यायची, तेच वाक्य पुन्हा लावायची. कळेपर्यंत लावायची. माझ्या दुपारच्या झोपेत ते वाक्य शिरत असे.

पहिलं सर्टिफिकेट आलं तेव्हा ती आतून ओरडत आली, "काका, अभिनंदन, तुम्ही पास झालात."

नाव बघून आम्ही दोघंही हसलो. "बदलून घेऊ गो," मी म्हटलं.

"घेऊ की. तोवर तुम्ही मिरवा."

प्रिंट टेबलावर पडली होती. सकाळी माझ्याबरोबर फिरायला येणाऱ्यांपैकी एक गृहस्थ चहाला आले, त्यांनी ती उचलली. "या वयात? अहो, आम्हाला मोबाइलचा गजर बंद करता येत नाही." मी फक्त हसलो. पुढच्या आठवड्यात आमच्या ज्येष्ठांच्या मंडळात मला शाल आणि श्रीफळ मिळालं. पुतणी मागच्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवत होती. घरी येताना तिनं विचारलं, "काका, आता नाव कसं बदलायचं?" मी म्हटलं, बघू.

नवीन खातं उघडलं तर सगळं पहिल्यापासून करावं लागणार होतं. शिवाय मी बघू म्हटलं होतं. त्या भरवशावर ती त्याच खात्यावर पुढचे कोर्स करत गेली. सर्टिफिकेटं माझ्या नावानं येत गेली आणि मी फ्रेमवाल्याकडे जात गेलो.

पदवी झाल्यावर एमआयडीसीतल्या एका कंपनीत हिशेबाच्या कामाला माणूस हवा होता. तिनं रेझ्युमे केला. शिक्षणाखाली ऑनलाइन कोर्सची नावं लिहिली आणि त्याखाली प्रामाणिकपणे एक ओळ घातली: खाते काकांच्या नावाचे असल्याने प्रमाणपत्रांवर त्यांचे नाव आहे. ती मला वाचून दाखवली. "कुणी विचारलं तर तुम्ही सांगाल ना?" मी म्हटलं, न सांगायला काय झालं?

मुलाखतीच्या दिवशी फोन आला तेव्हा सकाळच्या फिरण्यातली चौघं माझ्याकडे पोहे खात बसली होती. कंपनीचे साहेब सभ्य होते. म्हणाले, "तुमची पुतणी समोर बसली आहे. फोन स्पीकरवर ठेवलाय. हे कोर्स तिनं केलेत असं ती म्हणते. तुम्ही हो म्हणालात तर आमची हरकत नाही."

चौघांनी चमचे थांबवले होते. निदान मला तसं वाटलं.

मी म्हणालो, "ती शेजारी बसायची कधीकधी. पण कोर्स माझेच आहेत."

पलीकडून साहेब "बरं" म्हणाले.

संध्याकाळी ती आली, नेहमीसारखा भात टाकला, मला वाढलं. सकाळी पोलादपूरची एसटी धरून गावी गेली.

यापुढचं लिहायला जड जातं. चार दिवसांनी भाऊ आला. दारात उभा राहिला, वहाणा काढेना. हातात नाचणीच्या पिठाची पिशवी होती.

"दादा, पोरीनं तुला खाली बघायला लावलान. खोटं बोलली. म्हणते अजून, मीच केलंय. मी आयुष्यात पयल्यांदा हात उगारला तिच्यावर. तू मनात ठेवू नको."

"नाही ठेवत," मी म्हणालो. "लहान आहे. सोडून दे." आणि पिशवी घेतली.

त्याच महिन्यात ती पनवेलला कपड्यांच्या दुकानात कामाला लागली. भाऊ तिच्याशी कामापुरतं बोलायचा. शाळेत असल्यापासून तो तिला घरचा वकील म्हणायचा, ते बंद झालं. गेल्या वर्षी तो गेला. दिवसकार्याला ती आली होती. माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो हात मला माझा वाटला नाही.

लॅपटॉप कधीच बिघडला. पण दुपारी पडलो की आतल्या खोलीतून ती बाई बोलते. अर्ध्यावर थांबते, मागे जाते, तेच वाक्य पुन्हा म्हणते. उठून बघतो. खोलीत धुतलेल्या चादरी असतात. फोनवर अजून मेल येतात, माझं नाव घेऊन विचारतात, बऱ्याच दिवसांत आला नाहीत, पुढचा धडा तुमची वाट पाहतोय. एकदा मी जुनी परीक्षा उघडली. पहिलाच प्रश्न मला समजला नाही.

मागच्या रविवारी फ्रेमा उतरवल्या आणि तिला फोन केला. दुकानात गर्दी होती, ती बाहेर येऊन बोलली. मी म्हटलं, सगळं लिहून काढतोय, मंडळात वाचून दाखवणार आहे, त्या कंपनीलाही कळवणार आहे.

"कंपनीचं राहू द्या, काका," ती म्हणाली. मग, "बाबांना सांगितलं होतंत ना? शेवटी शेवटी तरी? तुम्ही दवाखान्यात बसायचात त्यांच्याजवळ."

हो म्हणणं सोपं होतं. भाऊ काही उठून मला खोटं पाडणार नव्हता. ती बिचारी हो ऐकण्यासाठीच थांबली होती, हे मला पनवेलपासून इथपर्यंत कळत होतं.

"नाही," मी म्हणालो. "नाही सांगितलं. त्याला कळलंच नाही."

तिनं फोन ठेवला नाही. मागून कुणीतरी तिला मापाचं विचारत होतं, दोनदा, तीनदा, आणि ती त्यालाही उत्तर देत नव्हती.